तपकिरी अक्षरं

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला बिरप्पा पाकीट घेऊन आला तेव्हा माझा डोळा मायक्रोस्कोपला लागलेला होता आणि मी पांढऱ्या पेशी मोजत होते. मोजताना मध्ये कुणी बोललं की आकडा निसटतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे आमच्या हॉस्पिटलात वीस वर्षं शिपाई असलेल्या बिरप्पाला ठाऊक आहे. त्यानं न बोलता पाकीट टेबलाच्या कडेला ठेवलं, पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर एक रिकामी बाटली ठेवली आणि गेला. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. खिडकीच्या वाळ्याच्या पडद्यावर मारलेलं पाणी दहा मिनिटांत सुकत होतं. मोजणी संपली, आकडा वहीत लिहिला, मग पाकीट फोडलं. शाळेच्या वहीतला रेघांचा कागद, त्यावर चार ओळी, जाड, वेड्यावाकड्या, तपकिरी. वाचायच्या आधीच मला कळलं की हे रक्त आहे. टॉकीजमधलं रक्त कुंकवासारखं लाल असतं आणि शेवटपर्यंत लालच राहतं. खरं रक्त तासाभरात चहाच्या डागासारखं होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘जगदेवी, हे मी माझ्या रक्तानं लिहितोय. आता तरी विश्वास ठेव. तुझ्याशिवाय मी जगणार नाही. तुझाच, सिद्धाराम.’ मला भीती वाटायला हवी होती, निदान हात तरी थरथरायला हवा होता. पण आठ वर्षं त्या टेबलावर बसल्यावर हाताला स्वतःच्या सवयी लागतात. मी कागदाचा कोपरा कात्रीनं कापला, त्यावर रक्त ओळखायच्या बेंझिडिनचे थेंब टाकले, आणि डाग बघता बघता निळा झाला. म्हणजे शाई नव्हती. दुसरा तुकडा सलाइनमध्ये भिजवून काचपट्टीवर घेतला. पेशी फुटलेल्या, धूसर होत्या, पण त्यांच्यात केंद्रक नव्हतं. कोंबडीच्या रक्तात असतं. म्हणजे माणसाचंच, फार तर बोकडाचं. इथवर मी अगदी शांत होते. मग ‘आता तरी’ हे दोन शब्द पुन्हा वाचले आणि माझी कानशिलं तापली. मला अरेतुरे करायचा हक्क ह्याला कुणी दिला, आणि मी कशावर विश्वास ठेवायचा राहिला होता?

हा सिद्धाराम म्हणजे नव्या पेठेतल्या एका चादरीच्या दुकानदाराचा धाकटा भाऊ. वय सव्वीस, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा संपता संपता, त्याची वहिनी आमच्याकडे बाळंतपणाला होती, आणि लागलंच तर असू दे म्हणून डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या पुरुषांचे रक्तगट तपासायला सांगितले. त्याचा बी आला. रक्त लागलं नाही, वहिनी सुखरूप घरी गेली. सुई काढून कापसाचा बोळा दाबताना मी त्याला म्हणाले असेन, ‘दुखलं नाही ना?’ मी हे दिवसातून चाळीस जणांना म्हणते. म्हाताऱ्यांना म्हणते, रडणाऱ्या पोरांना म्हणते, कण्हणाऱ्या बायकांना म्हणते. त्यानं ते एकट्यासाठी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या पानपट्टीवर उभा राहायला लागला. मी सुटले की रस्त्याच्या पलीकडून चालायचा, बाळीवेशीपर्यंत, तिथून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि मध्येच एखाद्या गाण्याची ओळ, मला ऐकू येईल एवढीच. मी त्याला पहिल्यांदा व्हरांड्यात बोलावून नीट सांगितलं की असं करू नका. दुसऱ्यांदा चौकात थांबून सांगितलं. तिसऱ्यांदा औषधाच्या दुकानासमोर, चार माणसं ऐकत असताना, मोठ्यानं सांगितलं. तिन्ही वेळा तो हसला. छद्मी नव्हे, अगदी समजूतदार हसला, जणू पुढचं त्याला ठाऊक आहे आणि मला अजून कळायचंय. त्या हसण्याचा अर्थ मला बरोबर कळत होता, कारण मीही त्याच पेठेतल्या त्याच टॉकीजमध्ये वाढले होते. मध्यंतराच्या आधी नायिकेनं नाही म्हणायचंच असतं. नाही म्हटलं नाही तर गोष्ट पुढे कशी सरकणार? मी जितक्या रागानं नाही म्हणत होते तितकी त्याच्या गोष्टीत आत आत शिरत होते, आणि त्यातून बाहेर यायचा शब्दच माझ्याजवळ नव्हता, कारण होता तो एकच शब्द त्यानं आधीच आपल्या बाजूला करून घेतला होता.

चिठ्ठी टेबलावर तशीच होती तेव्हा सावित्रम्मा सिस्टर रिपोर्ट न्यायला आल्या. पन्नाशीच्या बाई, पुरुषांच्या वॉर्डाच्या मुख्य, भल्याभल्यांना दरडावणाऱ्या. त्यांनी कागद उचलला, वाचला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘स्वतःचं रक्त गं,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या मेल्यानं मला उभ्या जन्मात एक पोस्टकार्ड लिवलं न्हाय.’ मी म्हटलं, ‘सिस्टर, तो तीन महिने माझ्या मागे फिरतोय. मला फाटकाबाहेर पडायचा वैताग आलाय.’ त्या म्हणाल्या, ‘तेच म्हणते मी. तीन महिने. कोण फिरतंय हल्ली तीन महिने?’ त्यांच्या मागून डॉक्टर आले, त्यांनाही कळलंच, आणि ते चष्मा पुसत म्हणाले, ‘जगदेवीबाई, भाग्यवान आहात.’ ह्याच डॉक्टरांनी मागच्या महिन्यात रक्ताची बाटली मिळाली नाही म्हणून एक बाळंतीण टेबलावर जाताना बघितली होती. त्यांना कागदावर वाया गेलेलं रक्त दिसलं नाही, प्रेम दिसलं. मी कागद चिमट्यानं उचलला आणि जाळायच्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. सावित्रम्मांनी ‘अगं अगं’ म्हणून हात पुढे केला, जणू मी देवाचा फोटो टाकला होता.

त्या दिवशी दुपारभर माझं कामात लक्ष नव्हतं. मला पुन्हा पुन्हा आमच्या टॉकीजचा तो बायकांचा वर्ग आठवत होता, पाठ नसलेली बाकडी, खाली शेंगांच्या टरफलांचा चुरा, पुढच्या बाईचा अंबाडा चुकवत बघितलेला पडदा. अव्वा, माझी आई, मला न्यायची. आठवड्याला एक, अप्पा असेपर्यंत. पडद्यावर कुणीतरी सायकल आडवी घालायचा, कुणीतरी ओढणी धरायचा, ती चिडायची, पुस्तकं आपटायची, आणि सगळा बायकांचा वर्ग हसायचा. मीही हसायची. सोळा वर्षांची होते. मला त्या हसण्यातून जे शिकवलं गेलं ते कुठल्याही शाळेनं शिकवलं नाही. ते असं की, प्रेम आधी त्रासासारखं दिसतं. मग रस्त्यात पोरांनी टवाळी केली की मला राग यायचा, आणि राग आला की मी घरी येऊन तो तपासायची. या रागाच्या तळाशी काही आहे का? आज जसा कागदाचा कोपरा तपासला तसाच, थेंब टाकून, रंग बदलतो का बघत. कधीच बदलला नाही. पण मला वाटायचं की माझीच काहीतरी खोट आहे, थोडं थांबायला हवं. कुणीतरी मला अजून जास्त त्रास द्यायला हवा. आज हे आठवलं की मला त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या मुस्काटात मारावीशी वाटते, आणि त्याच वेळी तिला जवळही घ्यावंसं वाटतं, कारण तिला दुसरं काही दाखवलंच कुठे होतं कुणी?

आणि मग गुरुसिद्धप्पा आठवला, जो आठवू नये म्हणून मी सहा वर्षं काळजी घेतली होती. तो आमच्या एक्स-रे खात्यात होता. वळसंगहून रोज एस.टी.नं यायचा, उंच, किंचित वाकलेला, हाताला कायम औषधाचा वास. अडुसष्ट साल असेल. एका दुपारी मी मागच्या नळावर काचपट्ट्या धूत होते आणि तो ओल्या फिल्म दोरीवर चिमट्यांनी वाळत घालत होता. एक कुणाचं तरी मनगट, एक छाती. काम न थांबवता तो म्हणाला, ‘जगदेवीबाई, एक विचारायचं होतं. माझं गावाकडं घर आहे, आई आहे. ती जरा तापट आहे, पण पोटात ठेवत नाही. लग्न झालं तर मी इथं शहरात खोली घेईन, म्हणजे तुमची नोकरी सुटणार नाही. तुमचं काम मी बघतो. तुम्ही घाई करत नाही, ते मला आवडतं. विचार करून सांगा. नाही म्हणालात तरी चालेल.’ त्यानं शेवटचा चिमटा लावला, हात पुसले आणि आत गेला. मी तिथंच नळ वाहता ठेवून उभी होते. मला काही झालं नव्हतं. वाऱ्याची झुळूक आली नव्हती, छाती धडधडली नव्हती. आणि सगळ्यात जास्त मला लागलं ते त्याचं शेवटचं वाक्य. नाही म्हणालात तरी चालेल. हे कसलं प्रेम, ज्याला नकारही चालतो? आठ दिवसांनी मी नाही म्हणाले. तो ‘बरं’ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं ‘बाई, तेवढं रजिस्टर द्या’ म्हणत आला. तो कुठेही उभा राहिला नाही. माझ्या मागे आला नाही. आणि मी मनात म्हटलं, बघ, मुळात काही नव्हतंच. वर्षानं त्याला करकंबच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. लग्नाची पत्रिका त्यानं सगळ्या स्टाफच्या नावानं पाठवली होती, ती आठवडाभर नोटीस बोर्डावर होती. मी रोज तिच्यासमोरून जात होते. मंगळवारी त्या दुपारी मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की मला कुणीतरी फसवलं होतं, आणि ज्यांनी फसवलं त्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून त्यांनी गोष्टी लिहिल्या, रिळं डब्यात भरून सोलापूरला पाठवली, आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या एका भल्या माणसाला मी ओळखू शकले नाही.

घरी पोचले तर चुलीशेजारच्या फळीवर पेढ्यांचा पुडा. अव्वा भाकरी थापत होती, माझ्याकडे न बघता. माझा धाकटा भाऊ कल्लप्पा दारात सायकल पुसत होता, तोही माझ्याकडे न बघता. सिद्धारामचा थोरला भाऊ ईरप्पा दुपारी घरी येऊन गेला होता.

‘लई जीव टाकतंय गं पोरगं तुझ्यावर,’ अव्वा म्हणाली. ‘तीन दिस जेवलं न्हाय म्हणत्यात. हात कापून घेतला.’

‘मी सांगितलं होतं का त्याला?’

‘तू कशाला सांगशील. म्हणूनच तर.’ तिनं भाकरी तव्यावर टाकली. ‘बत्तीस झाली तुला. घर चांगलं हाय, आपल्यातलंच हाय. उद्या सांजच्याला येतो म्हणलाय ईरप्पा. मी या म्हणलं.’

‘मला न विचारता?’

कल्लप्पा दारातून म्हणाला, ‘अक्का, वाईट काय त्यात? एवढं प्रेम करणारा माणूस.’ त्याचं स्वतःचं ठरलेलं होतं, मुलगी अक्कलकोटची. माझं झाल्याशिवाय त्याचं होणार नव्हतं, आणि हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण तो ‘प्रेम’ हा शब्द ज्या तोंडानं उच्चारत होता ते तोंडही त्यानं टॉकीजमधूनच आणलं होतं. मी जेवले नाही. मग वाटलं की न जेवणं म्हणजे पुन्हा तेच, त्याच गोष्टीतलं. म्हणून उठले आणि शेंगाचटणीशी दोन भाकरी खाल्ल्या, अव्वासमोर बसून, सावकाश.

बुधवारी अकरा वाजता नागूबाईला आणलं. बैलगाडीतून नाक्यापर्यंत आणि तिथून टेम्पोतून. पहाटे घरीच मुलगी झाली होती, मुलगी ठीक होती, पण रक्त थांबत नव्हतं. नवरा हणमंत तिच्या उशाशी उभा राहून तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होता. मी तिचा गट काढला, बी. त्याचा काढला, ए. आमच्या फ्रिजमध्ये बीची एकच बाटली होती ती तासाभरात संपली, आणि दुसरीकडे फोन केले तर कुठेच नव्हती. हणमंत माझ्या टेबलापाशी आला, बाही दंडापर्यंत वर केलेली. ‘बाई, माझं का चालत न्हाय?’ मी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. ‘मग दुसरं काय करू? कुटं जाऊन आणू, तेवढं सांगा. पळत जातो.’ त्याच्या आवाजात काही नव्हतं, रडणं नव्हतं, एखाद्यानं टपालघर कुठे आहे विचारावं तसा आवाज. मी म्हटलं, ‘इथंच थांबा, मी बघते.’ बिरप्पाचा गट बी आहे हे मला माहीत होतं, पण त्यानं दोनच महिन्यांपूर्वी दिलं होतं, तीन तरी जायला हवेत. आणि मग रजिस्टर चाळता चाळता जानेवारीचं पान आलं. सिद्धाराम, वय सव्वीस, बी.

मी खिडकीतून बघितलं. तो पानपट्टीच्या सावलीत उभा होता, डाव्या हाताच्या बोटांना पांढरी पट्टी. मी त्याला बोलावलं तर तो काय समजेल हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी भर उन्हात रस्ता ओलांडला. पानवाल्यानं चुना लावायचा हात थांबवला. मी म्हटलं, ‘एका बाईला रक्त हवंय, तुमचा गट जुळतो. देता का?’ त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, ‘तुमी म्हणाल तर सगळं देतो.’ मी म्हटलं, ‘सगळं नको. एक बाटली.’

तो आडवा झाला. मी जुळणी तपासून घेतली होती. दंडाला पट्टा बांधला, शीर चांगली होती, सुई पहिल्यांदाच लागली. नळीतून रक्त उतरायला लागलं आणि काचेच्या बाटलीत फेस धरत चढायला लागलं. तो बाटलीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. पलीकडे दारात बिरप्पा उभा होता. बाटली निम्मी झाली असेल तेव्हा सिद्धाराम हळू आवाजात म्हणाला, ‘आता तरी हो म्हणा.’

‘हात हलवू नका.’

‘तुमच्यासाठी देतोय मी.’

‘आत पडलीय तिच्यासाठी देताय. नागूबाई नाव आहे तिचं.’

‘मी कुठल्या नागूबाईला ओळखत न्हाय. तुमी बोलावलं म्हणून आलो की.’

मी म्हटलं, ‘माझं उत्तर नाहीच आहे. जानेवारीतही नाही होतं.’

त्यानं मग पहिल्यांदा बाटलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते समजूतदार हसू गेलं, आणि खाली एक साधा, चिडलेला, नुकसान झालेला माणूस दिसला. ‘मग काढा सुई,’ तो म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ‘चार मिनिटं आहेत अजून. ती बाई मरेल.’

‘हो म्हणा, नायतर काढा.’

त्या क्षणाबद्दल मी नंतर फार विचार केलाय आणि अजूनही मला तो सुटत नाही. एक शब्द होता. चार मिनिटांसाठी उसना द्यायचा, बाटली भरली की परत घ्यायचा. नागूबाई पलीकडच्या खोलीत होती, तिचे ओठ कागदासारखे झाले होते, आणि माझ्या जिभेवर तो शब्द खरंच आला होता. मी तो उच्चारला नाही. उच्चारायला हवा होता की काय, ते मला सांगता येत नाही. एवढंच कळलं की हा शब्द एकदा बाहेर पडला की तो चार मिनिटांचा राहणार नाही, सावित्रम्मांच्या, डॉक्टरांच्या, ईरप्पाच्या, अव्वाच्या कानात तो जन्मभर वाजत राहील. आणि त्याहून जास्त राग मला ह्याचा आला की एका परक्या बाईचा जीव आणि माझी जीभ ह्यांची गाठ ह्या माणसानं मारली, आणि ह्यालाच सगळे प्रेम म्हणत होते. मी सुई काढली. कापूस दाबला. ‘दुखलं नाही ना’ म्हणाले नाही. तो उठला, बाही खाली केली आणि गेला.

बिरप्पा आत आला आणि त्याच बाकावर आडवा झाला. ‘घ्या बाई,’ तो म्हणाला. ‘दोन म्हैने झाले की.’ मी म्हटलं, ‘बिरप्पा, तुम्हाला चक्कर येईल.’ तो म्हणाला, ‘आली तर हितंच पडलेलो हाय.’ मी त्याचं घेतलं. आधी अर्धी बाटली चढली, मग बिरप्पाची. चार वाजता डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नाडी भरतेय. हणमंत भिंतीला टेकून खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं की तिला शुद्ध आल्यावर पाणी चालेल का, आणि किती.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ईरप्पा आधीच येऊन बसला होता, धोतराचा सोगा मांडीवर, कपाळावर ताजी विभूती. मी चपला काढायच्या आधीच तो म्हणाला, ‘बाई, आता काय राहिलं सांगा. आमच्या सिद्धूनं तुमच्यापायी बाटलीभर रक्त दिलं.’ कल्लप्पाचे डोळे चमकत होते. तो म्हणाला, ‘अक्का, पेठेत सगळे तेच बोलतायत.’ तीन तासांत. मी उभ्याउभ्याच सांगितलं की बाटली अर्धी होती. मी नाही म्हटलं म्हणून त्यानं मध्येच सुई काढायला लावली. आत एक बाळंतीण मरायला टेकली होती.

ईरप्पानं मान हलवली. ‘काळीज तुटलं की त्याचं.’

म्हणजे त्यानं बाटली भरली असती तरी ते प्रेम होतं, आणि नाही भरली तरी ते प्रेमच होतं. तिथं काहीही घाला, तेच बाहेर येत होतं. ‘उद्या त्यानं काय बरंवाईट करून घेतलं तर?’ ईरप्पानं विचारलं. मी म्हटलं, ‘तर ते त्यानं केलेलं असेल. तुमचे पेढे घेऊन जा.’ त्यानं अव्वाकडे बघितलं. अव्वा खाली बघत होती. तो उठला, पुडा मात्र तिथंच ठेवून गेला.

कल्लप्पा पाय आपटत बाहेर पडला. घरात आम्ही दोघीच उरलो. मिलचा सहाचा भोंगा झाला, गल्लीत नळाला पाणी आल्याचा गलका झाला, अव्वा उठली नाही. मग ती म्हणाली, ‘ती आतली बाई. वाचली का?’

दिवसभरात ही गोष्ट मी चौघापाचांना सांगितली होती. हे विचारणारी ती पहिली.

‘वाचली.’

‘लेकरू?’

‘मुलगी आहे. बरी आहे.’

‘आन् त्यानं सुई काढ म्हटलं.’

‘व्हय.’

तिला चार बाळंतपणं झाली, आम्ही दोघंच राहिलो, हे मला तेव्हा आठवलं. मी विचारलं, ‘अव्वा, काल तू म्हणालीस ना, एवढा जीव टाकणारा.’ ती म्हणाली, ‘मला वाटलं आसंच असतंय. मी कुटं बघितलंय गं? तुझ्या अप्पासंगं वीस वर्सं काढली, चांगली काढली, पर त्याला काय म्हणत्यात ते आमाला कुणी सांगितलं न्हाय. बघितलं ते टॉकीजमध्येच की.’ मला एकदम रडू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. मला वाटत आलं होतं की फसवली गेले ती मी एकटी. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, ‘उद्या चौकीवर जाऊ. मी येते.’

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही दोघी पोलीस चौकीत बाकावर बसलो होतो. हवालदार माझ्याच वयाचा, नीट कापलेल्या मिशांचा. त्यानं ऐकून घेतलं, मध्येमध्ये ‘हं, हं’ केलं, आणि रक्ताच्या चिठ्ठीपाशी आल्यावर त्याच्याही ओठांच्या कोपऱ्यात ते हसू आलं, जे मला आता कुठूनही ओळखू येतं. तो लिहायला लागला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. उलट्या बाजूनं वाचायची मला सवय आहे, डॉक्टर समोर बसून लिहितात. त्यानं लिहिलं, ‘सदर प्रकार प्रेमप्रकरणातून.’

मी म्हटलं, ‘तो शब्द खोडा.’

‘कुठला?’

‘प्रेमप्रकरण. दोघांचं असतं ते. माझं काही नाही.’

‘अहो बाई, लिहायची पद्धत आहे तशी. त्याचं तर आहे ना तुमच्यावर?’

‘नाही. मी तीनदा नाही म्हटलं, तरी तो मागे येतो. तेवढंच लिहा. मागे येतो. फाटकासमोर उभा राहतो. घरी माणसं पाठवतो. मरायची धमकी देतो.’

त्यानं पेन खाली ठेवलं. ‘कधीच काही नव्हतं? आधी, थोडंफार?’ त्याच्या आवाजात खरोखरीचं कुतूहल होतं, आणि थोडी निराशाही, रीळ तुटल्यावर टॉकीजमध्ये पसरते तसली. मी म्हटलं, ‘कधीच नाही.’ आणि हे म्हणताना मी स्वतःला तपासलं नाही, तळाशी काही आहे का म्हणून बघितलं नाही. तो अव्वाकडे वळला, म्हाताऱ्या बाईला तरी समजेल अशा आशेनं. अव्वानं डोक्यावरचा पदर नीट केला.

‘पोरगी सांगतीय तसं लिवा की,’ ती म्हणाली. ‘आमाला वाचाय येत न्हाय, पर ती वाचतीय.’

त्यानं तो शब्द खोडला. एका रेघेनं खोडला होता, खालून वाचता येत होता. मी म्हटलं, ‘वाचता येतोय अजून.’ त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पेन दाबून त्यावर गिरवत राहिला, निबाखाली कागद थोडा फाटला, शब्द गेला. वरच्या मोकळ्या जागेत त्यानं लिहिलं, ‘सदर इसम फिर्यादीचा तिच्या इच्छेविरुद्ध पाठलाग करतो.’ मी वाचलं, सही केली. साक्षीदार म्हणून अव्वापुढे शाईची डबी सरकवली. तिनं अंगठा बुडवला, आणि कुठे उठवायचा ते त्याला न विचारता मला विचारलं.